भरली न्हाई तरी सुटणारी बस

हिंगोलीला काय बघायला जायचं, असं आमच्या कुरुंद्यातले लोक म्हणतात. हिंगोलीला जायचं ते कचेरीत, कोर्टात, न्हाईतर दवाखान्यात. काम झालं की मिळेल त्या गाडीनं परत. मी मात्र ह्या उन्हाळ्यात तिथं नुसता राहायला गेलो. जे बघितलं ते विहाराच्या ओट्यावर इतक्या वेळा सांगितलं की आता मी बसलो की लोक उठून जाऊन राहिले. म्हणून लिहून काढतो. माझी शाळा चौथीत सुटली, पण अक्षर वाचता येईल असं आहे.

निमित्त झालं वंदनाच्या फोनचं. वंदना माझी धाकटी लेक. इंजिनेर झाली आणि शहरातल्या गाड्यांचा धूर कसा कमी करायचा ह्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागली. एसटीडीवाल्यानं मला हाक मारली, मी जाऊन फोन धरला.

"आबा, सोमवारपासून हिंगोलीत माझी बस सुरू होऊन राहिली. आत्याकडं उतरा. बघायला या."

मी फोन ठेवला आणि शेजारच्या हॉटेलात जाऊन सांगितलं, "आमच्या वंदीनं बस घेतली."

संध्याकाळपर्यंत गावात एका बसच्या दोन बसा झाल्या. एकानं तर येऊन इचारलं, पोरगं कंडक्टर म्हणून ठिवता का. मी म्हणलं, बघू.

वसमत, औंढा

हळद शिजवून, वाळवून, घरात आणून पडली होती, त्यामुळं हात रिकामे होते. वसमतच्या स्टँडवर हिंगोलीची गाडी लागली तशी मी पटका सोडला आणि खिडकीतून फेकून जागा धरली. ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं जागा माणसानं धरत न्हाईत, कापडानं धरतात. रुमाल, टोपी, पिशवी, जे असंल ते खिडकीतून सीटावर टाकायचं आणि खुशाल चहा प्यायला जायचं. त्या कापडावर कोणी बसत न्हाई. मोठा माणूस आला तरी रुमालाकडं बघतो आणि उभा राहतो. आणि गाडी तरी कुठं लगेच सुटती? कंडक्टर येईल, घंटी मारील, कोणीतरी खालून "थांबा, आमचे येऊन राहिले" म्हणंल, मग सुटंल. रुमाल कोणाचाही असतो, पटका पडला की लोक समजतात माणूस वयाचा आहे. म्हणून मी पटकाच टाकतो.

औंढ्याच्या अंगाला डोंगर लागले. पळस झडत आला होता, खाली लाल चिखल झाल्यासारखा फुलांचा सडा. औंढ्याला एक बाई खिडकीखाली काकड्या घेऊन आली. मी म्हणलं, तिखट-मीठ जरा हात सोडून लाव. ती म्हणली, "बाबा, डोळ्यातून पाणी आलं तर मला बोल लावू नका." डोळ्यातून पाणी आलं. तिला बोल लावला न्हाई.

हिंगोली, धुरपदाच्या घरी

माझी बहीण धुरपदा स्टँडच्या मागच्या गल्लीत राहते. तिचा नवरा वारला, लेक परगावी. नावातच धूर आहे म्हणून आम्ही लहानपणी तिला चिडवत होतो. आता ती चेष्टा करवत न्हाई. दम्यानं तिचं एक वाक्य तीन तुकड्यांत येतं. गेलो त्या दिवशी ती माळवदावर पापड वाळू घालत होती.

"दादा, ह्याला... हात लावा बरं."

मी पापडावरून बोट फिरवलं. बोट काळं.

तिच्या घराच्या तोंडाशी टमटम लागतात. टमटम म्हणजे ते तीन चाकाचं डिझेलचं धूड, पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही मांडीला दोन माणसं, मागं मावतील तेवढी. ड्रायव्हर "स्टेशन, स्टेशन, कालेज" ओरडतो आणि इंजिन चालूच ठेवतो. बंद केलं तर परत चालू करायला दोरी ओढावी लागती, आणि गिऱ्हाईकाला वाटतं ही काही आता निघत न्हाई. एक टमटम भरून जाईपर्यंत मागच्या सगळ्या उभ्या धगधग करत असतात. धूर आम्हीही करतो. हळद शिजवायच्या दिवसांत कुरुंद्याचं शिवार धुरानं भरून जातं. पण तो लाकडाचा धूर, त्याला हळदीचा वास, आणि तो वर जातो. हा डिझेलचा धूर वर जायचं नाव घेत न्हाई. गल्लीत शिरतो, घरात शिरतो, पापडावर बसतो, माणसाच्या छातीत बसतो.

धुरपदा दवाखान्यालासुद्धा जाईना झाली होती. टमटममध्ये मागं बसायचं म्हणजे धुरातच बसायचं. ती म्हणायची, दवाखान्यात पोचेपर्यंत... जास्तच होतं.

वंदना संध्याकाळी आली. पायात धुळीच्या चपला, उन्हानं तोंड काळवंडलेलं. मी आधी तेच इचारलं. "बस कुठं लावली? घरापुढं तर दिसना."

"आबा, बस माझी न्हाई. तीन बसा हायत, संस्थेनं भाड्यानं घेतलेल्या. कोणत्या रस्त्यानं जायच्या, कुठं थांबायच्या, किती वेळानं सुटायच्या, ते म्या ठरवलंय."

"म्हणजे तू घेतली न्हाई?"

"न्हाई."

"मग माझी बस म्हणलीस काहून?"

ती हसायला लागली. मला हसू आलं न्हाई. गावात दोन बसा सांगून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपदानं सुशीला केली. मुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात, वरून शेंगदाणे. कुरुंद्यातबी होते, पण धुरपदाच्या हातची ओली न्हाई आणि कोरडीबी न्हाई. वंदनानं माझ्या ताटलीतले शेंगदाणे उचलून जमिनीवर ओळीनं लावले.

"ह्या टमटम. सगळ्या इंजिन चालू ठेवून भरायची वाट बघून राहिल्या. आता ही बस." तिनं चहाची बशी ठेवली. "हिच्यात ह्या सगळ्यांतली माणसं मावतात. धूर एका गाडीचा. आणि ही उभी राहत न्हाई. भरो न भरो, वेळ झाली की सुटती. ही गेली की मागून दुसरी."

"भरल्याबगर सोडायची?"

"व्हय."

"रिकामी?"

"रिकामी असली तरी."

"तुला इंजिनेर कोणी केलं? म्या केलं. भरल्याबगर गाडी सोडणारा कंडक्टर म्या जन्मात पाहिला न्हाई. डिझेल काय पाण्यातून येतं व्हय?"

"आबा, भरायची वाट बघत बसली की मग तीबी मोठी टमटमच झाली. कव्हा सुटंल ते कळत न्हाई म्हणून तर माणसं दिसंल ती गाडी धरतात. आधी गाडी भरवशाची पाहिजे. मग माणूस येतं."

"माणूस आलं म्हणजे गाडी भरवशाची," मी म्हणलं, आणि तिच्या टमटम खाऊन टाकल्या.

तेव्हा तिनं सांगितलं ते मात्र घशाखाली उतरलं न्हाई. बसा एक आठवडाच मिळाल्या होत्या. शेवटच्या दिवशी संस्थेचे मोठे साहेब येऊन बघणार होते. लोक बसले तर बसा राहणार. न्हाई बसले तर तिन्ही परत जाणार आणि वंदनाचं इथलं काम संपणार. धुरपदा चुलीपाशी ऐकत होती. तिच्या हातातलं उलथनं थांबलं.

सोमवार

सोमवारी सकाळी पहिली बस स्टँडच्या कोपऱ्यावर लागली. पांढरी, धुतलेली, पुढं झेंडूचा हार. ड्रायव्हर रऊफभाई. हा आधी स्वतः टमटम चालवायचा. मला म्हणला, "चाचा, टमटमनं माझी कंबर खाल्ली. आता गादीवर बसून चालवतो."

लोकांची ही गर्दी. वंदना लांब कालेजच्या थांब्यावर होती, साहेबबी पहिला दिवस म्हणून तिथंच आले होते. मी स्टँडवर होतो. मनात म्हणलं, रिकामी रिकामी म्हणत होती, आता बघ कशी भरून पाठवतो. मी मोठ्यानं म्हणलं, "अरे बघता काय? जागा धरा!" आणि पटका सोडून पहिल्या खिडकीतून आत फेकला.

माझा पटका पडला तसे रुमाल पडायला लागले. टोप्या, उपरणी, पिशव्या, एकानं वर्तमानपत्र, एका बाईनं लेकराचं झबलं. बघता बघता एकेक सीट भरलं. मला फार समाधान वाटलं. मग आम्ही सगळे रीतीप्रमाणं पलीकडच्या हॉटेलात चहाला गेलो. मी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. तेवढ्यात बस सुटली.

"ए! ए! थांब!" सगळं हॉटेल बाहेर आलं. "माझी पिशवी! माझी टोपी!" बस वळणावरून गेलीबी. रऊफभाईला मॅडमनी, म्हणजे आमच्या वंदीनं, सांगितलं होतं, वेळ झाली की निघायचं, मागं बघायचं न्हाई. त्यानं मागं बघितलं न्हाई.

भर बाजारात मी उघड्या डोक्यानं उभा. मिसरूड फुटल्यापासून मी परक्या माणसापुढं उघड्या डोक्यानं उभा राहिलो न्हाई. समोर एक टमटम धगधगत होती. तिच्यात बसलो आणि म्हणलं, "त्या बसच्या मागं घे."

टमटमवाला दात काढून म्हणला, "शेवटी बस धरायला टमटमच लागली ना, आजोबा?"

मी म्हणलं, "तोंड बंद ठेव आणि हाण."

त्यानं हाणली. मागं काळ्या धुराची दोरी सोडत आम्ही धूर कमी करायच्या बसच्या मागं लागलो.

कालेजच्या थांब्यावर गाठली. तिथं काय बघतो, बसमध्ये दवाखान्याच्या थांब्यावर चढलेल्या पाच-सहा बाया, म्हातारे, एक पाय मोडलेला माणूस, सगळे दांड्याला धरून उभे. आणि सीटावर एक माणूस न्हाई. सगळ्या सीटांवर टोप्या आणि रुमाल बसलेले.

साहेब दारात उभे राहून इचारत होते, "अहो, बसा ना. जागा आहे की."

पाय मोडलेला माणूस म्हणला, "साहेब, जागा धरलेली हाय."

"कोणी धरली?"

"ते कसं सांगावं? इथं तर कोणी न्हाई."

"मग बसा."

"असं कसं? दुसऱ्याच्या रुमालावर?"

वंदना दारापाशी पांढरीफटक उभी. तिनं मला टमटममधून उतरताना बघितलं. माझ्या डोक्याकडं बघितलं. मग पहिल्या सीटावरच्या पटक्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं. आणि मी बाप असून, चूक माझी असून, तिच्यावरच ओरडलो. "माणसं खाली सोडून कापडं फिरवून राहिली का? हे तुझं इंजिनेरिंग?"

रऊफभाई खाली उतरला. "चाचा, मॅडमनी बोल्या था, टाइम हुआ तो निकालना. मैंने निकाला. मला वाटलं आज लोक लई बारीक हायेत, आरशात दिसून नाही राहिले."

पाय मोडलेला माणूस आधी हसला. मग बाया. मग वंदनाला तोंडाला ओढणी लावावी लागली. साहेब मात्र हसले न्हाईत. त्यांना कळलंच न्हाई काय झालं ते. ते एवढंच म्हणले, "मॅडम, लोकांना बस नको असेल तर जबरदस्ती करू नका. आठवडा आहे. बघू." आणि जीपमध्ये बसून गेले.

मी पटका घेतला, तिथंच बांधला. वंदना माझ्याशी दिवसभर बोलली न्हाई. रात्रीची भाकर तिनं मोडली आणि तशीच ठेवली.

लिंबाखाली

मला तिची माफी मागता येत न्हाई. माझ्या बापालाबी येत नव्हती. पण तिचं म्हणणं खरं का खोटं ते तपासायचं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या थांब्यावर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसलो. बस आली. मी उठलो न्हाई. रऊफभाईनं हात केला, "चाचा, चलो." मी म्हणलं, "तू जा." तो गेला. भरली नव्हती, अर्धीबी न्हाई.

बाजूला एक रसवंतीवाला होता. तो म्हणला, "काहून बसले न्हाईत आजोबा?"

"दुसरी येती का ते बघून राहिलो."

"येती कशाची. आता दुपारी येईल."

एक ग्लास रस संपला न्हाई तेवढ्यात दुसरी आली. मी तीबी सोडली. रसवंतीवाला म्हणला, चुकून आली असंल. तिसरी आली तव्हा त्यानं चरक थांबवून बघितलं. दुपारपर्यंत आमच्यापाशी बरीच माणसं जमली. कोणी दवाखान्यात आलेलं, कोणी उगाच. बस आली की म्हणायचे, "आली बरं का म्हाताऱ्याची!" कोणी म्हणायचं आता न्हाई येणार, लावा पैज रसाची, आणि हरायचं. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी एका मास्तरांनी मला इचारलं, "कुठं जायचंय तुम्हाला?" मी म्हणलं, "कुठंच न्हाई." ते म्हणले, "मग मी जातो, मला उशीर होतो," आणि चढून खुशाल बसले. त्यांच्यामागं एक बाई चढली. मग पैज लावणारेबी चढायला लागले. खिडकीतून रुमाल टाकायचं हळूहळू बंद झालं. कापड टाकून चहाला गेलं की कापड एकटंच गावभर फिरून येतं, हे हिंगोलीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. रऊफभाईनं सोमवारच्या न नेलेल्या टोप्या बसमध्ये दोरीला टांगून ठेवल्या होत्या.

घरी मी फक्त एवढंच सांगितलं, "येतात त्या. बराबर येतात."

वंदना म्हणली, "मला ठाऊक हाय." पण भाकर सगळी खाल्ली.

शेवटचा दिवस

शेवटच्या दिवशी साहेब आले ते नेमके स्टँडच्या थांब्यावर. सकाळी गर्दी बरी होती, पण साहेब आले तव्हा ऊन चढलेलं, थांब्यावर माणूस थोडं. वंदनाच्या कपाळावर घाम. साहेब म्हणले, "मॅडम, ही तर रिकामीच दिसते."

धुरपदाला त्या दिवशी दवाखान्यात न्यायचं होतं. तिचं पहिल्यांदाच बसनं जायचं ठरलं होतं. ती गल्लीच्या तोंडाशी आली, काठी टेकत, थांबत. आणि समोरची बस सुटायला आलेली. धुरपदा पोचेपर्यंत काही बस थांबत न्हाई, हे मला कळलं. मी दोन्ही हात वर करून रस्त्यात उभा राहिलो. "रऊफ, थांब! बहीण येऊन राहिली मपली!"

रऊफभाईनं वंदनाकडं बघितलं. वंदनानं माझ्याकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. थांबवली तर तिचं ठरवलेलं मोडतं. न थांबवली तर आत्या उन्हात राहते.

धुरपदा गल्लीच्या तोंडाशीच थांबली, काठीवर दोन्ही हात ठेवले, आणि म्हणली, "दादा, बाजूला व्हा. जाऊ द्या तिला... मागून दुसरी येती की."

मी बाजूला झालो. बस गेली.

साहेब तिच्याकडं गेले. "आजी, गाडी गेली ना तुमची?"

"गेली तर गेली. तिच्यामागं पळायला... मला काय झालंय? गल्लीतल्या बायका सांगतात, एक गेली की एक येती." आणि ती ओट्यावर बसली, पदरानं तोंड पुसत, जशी दळणाच्या रांगेत बसावी तशी. साहेब तिच्याकडं बघत उभे राहिले. मग तेबी ओट्यावर बसले. माझाच जीव वर-खाली होऊन राहिला होता. आज न्हाई आली तर? आज एखादीचं चाक पंक्चर झालं तर?

बस आली. साहेबांनी धुरपदाला हात देऊन चढवलं आणि स्वतःबी चढले. दवाखान्यापर्यंत जाऊन आले. खाली उतरून वंदनाला म्हणले, "राहू द्या बसा. कागद मी करतो." वंदनानं मान हलवली आणि पाठ फिरवून वेळ लिहायच्या पाटीवर उगीच हात फिरवत राहिली.

परतीला, डोंगरकडा

येताना मी कळमनुरीच्या रस्त्यानं आलो. डोंगरकड्याला उतरलो. तिथून कुरुंद्याकडं जीप लागती. मी फाट्यावर केळी घेऊन राहिलो होतो तेवढ्यात जीप भरून निघाली. केळीवाला ओरडला, "बाबा, पळा, गाडी निघाली!" जीपवाल्यानंही हात केला, मागच्या फळीवर उभं राहायला जागा होती. मी पटका सारखा केला आणि म्हणलं, "जाऊ द्या तिला. मागून दुसरी येईल."

जीप गेली. केळीवाला माझ्या तोंडाकडं बघतच राहिला.

"बाबा, तुमी कुठले?"

"कुरुंद्याचा."

"मग तुमाला ठाऊक न्हाई व्हय? आता दुसरी उद्या सकाळी."

मी केळी सोलली. खाल्ली. त्याच्या पुढं पळालो असतो तर हसला असता, आता पळालो न्हाई तरी हसून राहिला होता. शेवटी ऊस टाकून वसमतकडं परतणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं मला ट्रॉलीत बसवलं. त्याच्या धुराड्याचा सगळा धूर माझ्या तोंडावर. घरी पोचलो तव्हा बायकोनं पटका हातात घेतला आणि म्हणली, "हे काय काळं करून आणलं?"

मी तसाच एसटीडीवर गेलो आणि वंदनाला फोन लावला. ती म्हणली, "पोचले का आबा? बरं झालं. तकलीफ झाली का?"

मी म्हणलं, "झाली. हिंगोलीचं तुझं बराबर होतं. आता डोंगरकडा ते कुरुंदा कव्हा लावती ते सांग. भरली न्हाई तरी चालंल."